सिधूअण्णांचा हात

सिधूअण्णांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कधी कॅबिनेट म्हटलं नाही. त्यांच्या लेखी तो डबा. मोठा उभा टॉवर जोडणीला आला की ते त्याला पिठाचा डबा म्हणायचे आणि सरळ दुसऱ्या कुणाकडे तरी ढकलून द्यायचे. "ह्यात काय कारागिरी हाय? म्हस जाईल की आत. मला बारका डबा द्या," असं म्हणून ते आपल्या टेबलाकडे वळायचे, आणि ज्याच्या वाट्याला तो टॉवर यायचा तो तोंड वाकडं करून कामाला लागायचा.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. शाहूपुरीत आमच्या मालकांचं दुकान होतं. मुंबईहून सुटे भाग आणायचे, इथं जोडायचे आणि गिऱ्हाइकाला तयार मशीन द्यायचं, हा धंदा. मी नुकतीच बी.कॉम. होऊन काऊंटरवर बसले होते. बिलं करायची आणि व्यापाऱ्यांना हिशेबाचा प्रोग्रॅम शिकवायचा, हे माझं काम. सिधूअण्णा माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे असतील, तरी ते मला ताई म्हणायचे. पूर्ण नाव सिद्धार्थ कांबळे. धर्मांतरानंतर त्यांच्या घरात जन्मलेलं हे पहिलं पोर, म्हणून बापानं हौसेनं ते नाव ठेवलं होतं आणि गल्लीनं आठवड्याभरात त्याचं सिधू करून टाकलं होतं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, असा त्यांचा प्रवास. शिकले कुठं असं विचारलं की म्हणायचे, "उघडून बगितलं. उघडल्याबिगर काय कळतंय?"

बारक्या डब्यांना आमच्याकडे मागणी चांगली होती. गुजरीतल्या सराफाच्या गादीवर तराजू, तिजोरी, टेलिफोन आणि देवांच्या तसबिरी मांडल्या की राहते ती वीतभर जागा. डॉक्टरांच्या दवाखान्यात तर कंपाउंडरलाच उभं राहायला जागा नसायची. अशा लोकांना मशीन हवं पण दिसायला नको, अशी तऱ्हा. मग अण्णा जाऊन जागा बघून यायचे, आणि येताना पुठ्ठ्याचा तेवढाच खोका करून आणायचे.

जोडणीची त्यांची एक रीत होती. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं आणि सगळे भाग डब्यात ज्या जागी बसणार त्याच जागी कागदावर मांडायचे. मग खुर्चीत मागं टेकून डोळे मिटायचे. नवीन गिऱ्हाईक असेल तर त्याला वाटायचं, माणूस झोपला. अण्णा तेव्हा मनातल्या मनात डबा एकदा भरून एकदा रिकामा करत असायचे. बारक्या डब्यात क्रम चुकला की संपलं. आधी मेमरी बसवायची राहिली आणि वरून डिस्क अडकवली, तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. आणि भाग हातात घेण्यापूर्वी दुकानाच्या लोखंडी शटरला एकदा हात लावायचा, हा कायदा. अंगातली वीज बोर्डाला चावते म्हणे. मालक जरी टेबलाजवळ आले तरी अण्णा वर न बघता विचारायचे, "शटरला शिवलासा काय?"

"आधी वाऱ्याची जागा सोडायची, मग सामान भरायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डब्यातल्या चपट्या रुंद केबली ते निऱ्यांसारख्या घालून एका कडेला दाबून बसवायचे, म्हणजे पंख्याचा वारा अडायचा नाही. दुसऱ्यांनी भरलेला बारका डबा दोन उन्हाळ्यांत तापून मरायचा. अण्णांचा टिकायचा. गंमत म्हणजे माणूस अंगानं हा एवढा, पंजा पैलवानाचा. तो पंजा त्या चिंचोळ्या पत्र्यात शिरताना बघून गिऱ्हाइकाचा जीव वरखाली व्हायचा. पण आत गेला की दिसायचा नाही, वाजायचा नाही, आणि बाहेर येताना रिकामा यायचा. मी बिलं करायची सोडून ते बघत बसायची आणि मालकांच्या शिव्या खायची.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. दर रविवारी सकाळी ते त्यांच्या वसाहतीतल्या बुद्धविहारात वंदना घ्यायचे. म्हणजे ते पुढं म्हणणार आणि बाकीचे मागून. पाच शीलं, त्यातलं पाचवं नशा न करण्याचं. ते त्यांच्या घरात नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. त्यांचे वडील तरणेपणी चांगले पिणारे होते. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी बाटली सोडली ती मरेपर्यंत. "आमच्या घरात देव न्हाय, पर बापाचं त्येवढं वचन हाय," अण्णा म्हणायचे.

आखाडातल्या शेवटच्या अवसेला, म्हणजे गटारीला, मालक सगळ्यांना मळ्यावर न्यायचे. तांबडा, पांढरा रस्सा, सुकं मटण, आणि बाकीचं जे असतं ते. अण्णा जेवणावर आडवा हात मारायचे आणि सोड्याची बाटली घेऊन बसायचे. एकदा मालक इरेला पेटले. ग्लास भरून त्यांच्यापुढं धरला आणि म्हणाले, "अण्णा, माझ्या हातचं नाकारतोस?" अण्णांनी तो ग्लास घेतला, उठले, शेजारच्या उसाच्या बांधावर ओतला आणि रिकामा ग्लास परत आणून मालकांच्या हातात दिला. "उसाची हुती, उसाला दिली. राग मानू नका." मालक हसले, पण ते हसणं वरवरचं होतं. नाकासमोर चालणारा माणूस पंगतीत बसला की बाकीच्यांना घास गोड लागत नाही. हे दुसऱ्या दिवशी दुकानात ज्यांनी मला सांगितलं, तेही कुरकुरतच सांगत होते.

आणि मग हात सुरू झाला.

पहिल्यांदा मला दिसला तो जेवणाच्या सुट्टीत. अण्णा शांत बसले होते, उजवा हात मांडीवर, आणि अंगठा-तर्जनी एकमेकांवर घासत होती, जशी काही गोळी वळतायत. मी चेष्टेनं म्हटलं, "अण्णा, तंबाखू मळतासा काय?" त्यांनी हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचाच असावा, आणि डाव्या हातानं झाकला. पुढं काही महिन्यांत ते वाढत गेलं. पण एक विचित्र गोष्ट होती. हात रिकामा असला की हलायचा. स्क्रू ड्रायव्हर धरला, डब्यात शिरला, की थांबायचा. दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं की ह्या रोगाची सुरुवात अशीच होते. कंपवात. बसलेला हात नाचतो आणि कामातला हात निवतो. म्हणून अण्णा आता बसेनासे झाले. एक डबा झाला की लगेच दुसरा. सुट्टीतसुद्धा जुनी मशीनं उघडायचे, पुसायचे, पुन्हा भरायचे. सगळ्यांना वाटलं, अण्णांना कामाची खाज सुटली. त्यांच्या हाताला त्या बारक्या डब्यातच काय ती शांतता मिळत होती, हे फक्त मला ठाऊक होतं, आणि तेही एका शाळेमुळं.

त्या शाळेच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो होतो, अण्णा मशीन बसवायला आणि मी शिकवायला. काम झालं. तिथल्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, मायाळू. चहा आला तशी अण्णांच्या हातातली बशी वाजायला लागली. बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तब्येत बरी नाही का?" अण्णा भोळे. त्यांनी सरळ सांगून टाकलं. कंपवात हाय, औषध चालू हाय, कामाला काय अडचण न्हाय. बाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा दुकानात फोन आला. उरलेली मशीनं बसवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, कांबळ्यांना त्रास नको, त्यांना विश्रांतीची गरज आहे. रोगाचं नाव तेवढं त्यांनी काढलं नाही. मालकांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, जरा कणकण होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्या बाईंचा अजून राग येतो, आणि त्यांनी काय वाईट केलं हेही सांगता येत नाही.

त्यानंतर अण्णांनी बाहेर चहा घेणं सोडलं. पण हुपरीत चहा नाकारणं सोपं नाही.

हुपरीला एका पैंजणं करणाऱ्या घरात आमचं मशीन होतं, अण्णांनीच भरलेला बारका डबा. ते सारखं बंद पडतंय म्हणून आम्ही एसटीनं गेलो. घराच्या सोप्यातच कारखाना. पाच-सहा माणसं मांडी घालून कड्या जोडत होती आणि कोपऱ्यात पॉलिशचं चाक फिरत होतं. त्याच्या शेजारीच स्टुलावर कॉम्प्युटर. अण्णांनी डबा उघडला आणि थक्क झाले. पंख्यावर, बोर्डावर, सगळीकडे करडी बारीक धूळ. ते फुंकर मारणार तोच आतून घरच्या म्हाताऱ्या आजी ओरडल्या, "फुकू नगासा! चांदी हाय ती!" आणि पांढरं फडकं घेऊन धावत आल्या. त्या घरात जमिनीवरची धूळसुद्धा झाडून, गाळून पुन्हा आटवत होते, तर ही कोण सोडणार? मग अण्णा कुंचल्यानं डबा झाडायला लागले आणि आजी खाली फडकं धरून बसल्या. धूळ झाडून झाल्यावर त्यांनी फडक्याची गाठ मारली आणि म्हणाल्या, "एवढं खाऊनबी मेलं चालंना व्हय!" सगळा सोपा हसला. अण्णांनी मशीन उचलून आत माजघरात मांडून दिलं आणि ते चालू झालं.

मग चहा. अण्णा नको म्हणाले, पण आजींनी कप-बशी हातातच दिली. बशी वाजली. चहा सांडला. घरातले मोठे, कारखान्याचे मालक, दाताखाली तार धरून कड्या वळत होते. त्यांनी वर पाहिलं, तार काढली आणि मोकळेपणानं म्हणाले, "पावणं, रातचं जरा जास्त झालं जणू!"

सगळे हसले. मी अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस उठतो. ज्यानं आमच्या मालकांचा ग्लास उसात ओतला तो हे ऐकून घेणार नाही. अण्णांनी बशी खाली ठेवली. मग हसले आणि म्हणाले, "व्हय. जरा झालंच."

"चालायचंच!" ते कारखानदार म्हणाले. "हातात कसब हाय न्हवं, मग झालं. आमच्या भावकीतल्याबी दोगांस्नी असलंच मशीन पायजे हाय. तुमीच या बसवाया. पर सकाळच्याला या, उतरल्यावर!" पुन्हा हशा.

परतीच्या एसटीत मी तोंड फुगवून बसले होते. पट्टणकोडोली मागं पडल्यावर न राहवून म्हटलं, "अण्णा, असं का बोललासा? खरं सांगायचं की."

"शाळंत खरंच सांगितलं न्हवं? काय झालं त्येचं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. उजवा हात त्यांनी दोन्ही गुडघ्यांत दाबून धरला होता. "ताई, दारुड्याला लोक काम देत्यात. आजाऱ्याला सुट्टी देत्यात. मला सुट्टी नको. घरी बसलो तर ह्यो हात दिवसभर माझ्याम्होरं नाचत बसंल. त्येच्याकडं बगत मी जगू कसा?"



तिथून पुढं अण्णांनी ते सोंग अंगावर घेतलं. स्वतः कधी "मी पितो" म्हणून सांगत फिरले नाहीत, पण कुणी म्हटलं तर नाही म्हणेनासे झाले. "काल बसलतासा वाटतं अण्णा?" असं कुणी विचारलं की नुसते हसायचे. बातमी आमच्या मालकांच्या कानावर गेली, आणि मालक काय चिडले असतील असं तुम्हाला वाटेल, तर नाही. मालक खूश झाले. इतकी वर्षं अंतर राखून असणारे मालक आता त्यांच्या खांद्यावर हात टाकायला लागले. "शेवटी तूबी माणूसच की रे!" एवढंच नाही, गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, आमचा कारागीर जरा घेतो, पण हात सोन्याचा आहे. उभा असलेला माणूस पडला की पडलेल्यांना किती बरं वाटतं, हे मी त्या वर्षी पाहिलं.

कामं भरपूर आली. बारके डबे अण्णांच्याच टेबलावर येत राहिले. दुकानात अण्णांना हवं ते मिळालं होतं.

पण कोल्हापूर ते केवढं! शाहूपुरीतलं बोलणं वसाहतीत पोचायला कितीसा वेळ लागणार? एका दुपारी रत्नावहिनी दुकानात आल्या. अण्णांच्या बायको. अंगणवाडीत मदतनीस होत्या, कमी बोलणाऱ्या, काटक. अण्णा तेव्हा गुजरीत गेले होते, आणि ते बघूनच त्या आल्या असणार. स्टुलावर बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"विहाराच्या कमिटीची मान्सं घरला आलती," त्या म्हणाल्या. "म्हटली, सिधूअण्णा, पाचवं शील आता तुमच्या तोंडनं नको. वंदना दुसरं कोण तरी घील. आनि ह्ये काय म्हटलं असत्याल? 'बरं' म्हटलं. नुसतं बरं! आता ऐतवारी जाऊन पाटीमागं, चपला काडत्यात तितं बसत्यात."

"तुम्ही सांगत का नाही वहिनी, हा रोग आहे म्हणून?"

"शपथ घातलीया मला. वसाहतीला कळलं की दुकानाला कळंल म्हणत्यात." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "त्यांच्या तोंडाला वास नसतोय, ह्ये मला ठावं हाय. पर मी विहारात कुणाकुणाला त्यांचं तोंड हुंगायला लावू? बायका माझ्याकडं बगून गप हुत्यात. ज्या घरातनं सासऱ्यांनी बाटली भाईर काडली, त्या घरात मी ती पुन्ना आणली म्हणत्यात. माझाच कायतरी दोष असंल म्हणत्यात. ताई, तुमी त्यास्नी सांगा. तुमचं ऐकत्यात."

मी सांगितलं. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी, सगळे गेल्यावर. अण्णांनी ऐकून घेतलं. ते वर्तमानपत्रावर भाग मांडत होते. "तिचं खरं हाय," ते म्हणाले. "पर माझ्या बापानं बाटली सोडली आनि काम धरलं. मी कामबी सोडलं तर माझ्याकडं काय ऱ्हायलं? लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत. मी घेत न्हाय हे मला ठावं हाय." मग हात डब्यात घातला. हात थांबला. मला वाटतं, त्या क्षणापुरतं त्यांना सगळं ठीक वाटत असावं. वहिनींना मात्र असा कुठला डबा नव्हता.

रोग कुणाचं सोंग ओळखत नाही. दोन-तीन वर्षांत हात डब्यातसुद्धा ऐकेनासा झाला. कापायचा नाही, पण जड पडायला लागला. वळायला सांगितलं तर उशिरा वळायचा. अण्णांचं चालणं बारीक पावलांचं झालं, आवाज खोल गेला, चेहऱ्यावरचं हसू उमटायला वेळ लागायचा. हे सगळं दारूच्या खात्यावर बिनबोभाट जमा होत होतं. तोपर्यंत डबे आणखी बारके झाले होते. मिठाईच्या खोक्याएवढ्या कॅबिनेटात सगळं मशीन, असा माल यायला लागला होता.

असलाच एक डबा एका डॉक्टरांसाठी आला. अण्णांनी कागदावर भाग मांडले, डोळे मिटले, आणि उघडले ते बऱ्याच वेळानं. प्रोसेसर म्हणजे केसासारख्या बारीक पिनांची चौकोनी वडी. ती जागेवर नुसती ठेवायची असते, दाबायची नसते. अण्णांचा अंगठा तिथंच आखडला आणि सगळा भार वडीवर आला. काढून बघतात तर पिनांची एक ओळ आडवी. अशा पिना ते पूर्वी खटक्याच्या पेन्सिलीतलं शिसं काढून तिच्या पोकळ टोकानं एकेक उभ्या करायचे, गाणं गुणगुणत. त्या दिवशी पेन्सिल घेतली, एक पिन उभी केली, दुसरी केली, आणि तिसरी तुटून कागदावर पडली. दुकानात सगळे बघत होते.

मालकांनी त्यांना काऊंटरपाशी बोलावलं. मी तिथंच होते. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. अतिशय आपुलकीनं म्हणाले, "अण्णा, मी लई सांभाळून घेतलं. आता जीव चाललाय तुझा. घरला जा. दारू सोड आनि ये. टेबल तुझंच हाय, मी दुसऱ्या कुणाला बसू देणार न्हाय. आईशप्पत. नुसती सोड आनि ये."

आता सांगतील, असं मला वाटलं. आता काय राखायचं राहिलंय? मी त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते. अण्णांचा हात काऊंटरच्या काचेवर टकटक वाजत होता आणि त्यांनी तो झाकलासुद्धा नाही. त्यांनी मालकांच्या तोंडाकडे बघितलं.

"सुटत न्हाय, मालक," ते म्हणाले.

आणि बारीक बारीक पावलं टाकत निघून गेले. मालकांनी डोळे पुसले. माणूस सोन्यासारखा, पण बाटलीनं खाल्ला, असं त्या दिवसापासून ते मनापासून सांगत आले. दिलेला शब्द मात्र त्यांनी पाळला. अण्णांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. त्यावर रिकामे खोके साठत गेले.

मी अधूनमधून वसाहतीत जायची. अण्णा भिंतीला टेकून बसलेले असायचे, आणि मांडीवर तो हात. बोलणं कमी झालं होतं. घराबाहेर पडत नव्हते म्हणून ते कुठं पिताना दिसत नव्हते, पिऊन पडल्याचं कुणी ऐकत नव्हतं. हळूहळू वसाहतीनं त्यातून आपला अर्थ काढला.

एका एप्रिलात रत्नावहिनींचा दुकानात फोन आला. जयंतीच्या कार्यक्रमात मंडळाची पोरं अण्णांचा सत्कार करणार होती. "तुमी या. त्यास्नी लई बरं वाटलंय," त्या म्हणाल्या. अण्णांना वाटलं होतं, सत्कार कामाचा. वसाहतीत पहिला कॉम्प्युटर त्यांनीच जोडला होता, मंडळाच्या वाचनालयात, फुकट. तेवढं कुणीतरी लक्षात ठेवलं, असं त्यांना वाटलं. मी गेले तेव्हा ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मंचावरच्या खुर्चीत बसले होते. वहिनी पुढच्या बायकांत होत्या. त्यांनी मला शेजारी जागा केली.

मंडळाचा अध्यक्ष तरुण होता, तळमळीचा. माईक हातात घेऊन म्हणाला, "आपल्या वसाहतीत व्यसनानं किती घरं बसली, हे मी सांगायला नको. पण आज मी एक असा माणूस दाखवणार आहे, ज्यानं त्या नरकातून स्वतःला बाहेर काढलं. गेली काही वर्षं त्यांनी थेंबाला स्पर्श केलेला नाही. आदर्श घ्या, बांधवांनो! सिद्धार्थ कांबळे, म्हणजे आपले सिधूअण्णा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींनी माझा हात धरला. कुणीतरी अण्णांना शाल घातली, कुणी नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून माईक तोंडापुढं धरला. अण्णा उठून उभे राहिले. चेहऱ्यावर काही दिसेना, त्या रोगात चेहरा बोलत नाही. मग तो खोल गेलेला आवाज कर्ण्यातून आला.

"मी कदीच पीत न्हवतो."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "व्हय अण्णा, आमीबी न्हाय पीत!" आणि सगळा मांडव खदखदून हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. घरच्या माणसाला हसावं तसं ते हसणं होतं.

रत्नावहिनी उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, तो चिरकला. "खरं हाय त्ये! कदी घेतली न्हाय त्यांनी! रोग हाय त्यो, रोग हाय!" शेजारच्या म्हातारीनं त्यांचा हात धरून खाली ओढलं. "बस गं बाई. झालं गेलं. सोडली न्हवं आता? बायकूला बाजू घ्यावीच लागतीया." मी उठून म्हटलं, वहिनी खरं बोलतायत. पण तोवर वाजंत्री सुरू झाली होती.

अण्णांनी वरून वहिनींना पाहिलं. नारळ डाव्या हाती घेतला आणि उजवा हात वर उचलून, पंजा पसरून, त्यांना बस म्हणून खूण केली. क्षणभर तो हात हवेत अगदी स्थिर होता. मग हलायला लागला, हलतच राहिला. पुढं बसलेल्या बायकापोरांना वाटलं, अण्णा सगळ्यांना हात करतायत. त्यांनीही हात वर केले आणि हसत हसत अण्णांच्या दिशेनं हलवायला लागले.